समुद्रानं घेतलेला नारळ

समुद्रावर माणसाला सगळ्यात मोठा धोका कशाचा, असं मला कुणी विचारलं तर मी सांगते, विहिरीचा. लोक हसतात, हसू दे. आमच्या पुसदकडच्या माणसाला पोहायला शिकवलेलं असतं विहिरीनं. आणि विहिरीत पोहलेल्याला वाटतं की पाणी म्हणजे पाणी, गोड काय अन् खारट काय, हातपाय मारले की झालं. असा माणूस समुद्रावर उतरला की मी चहाचा कप खाली ठेवते आणि त्याच्यावरून नजर काढत नाही.

मी सहली काढते. महिला मंडळं, भिशीचे गट, निवृत्त मास्तरांचे गट, कधी एकाच घरातली बसभर माणसं. आता गुडघे बोलायला लागलेत म्हणून देवदर्शनाच्या ट्रिपा सुनेकडं दिल्या, पण समुद्राची ट्रिप अजून माझ्याच हातात ठेवली आहे. लोकांना वाटतं सहल काढणं म्हणजे गाडी ठरवणं आणि आचारी सोबत घेणं. ते तर कुणीही करील. खिडकीच्या जागेवरून दोन जावांचं फाटलं तर मिटवायचं, घाट लागण्याआधी उलटीच्या पिशव्या वाटायच्या आणि दर थांब्यावर माणसं मोजायची, हे खरं काम. देवळात मोजणं सोपं असतं, माणसं रांगेत असतात. समुद्रावर कुणी एका जागी उभं राहत नाही आणि भिजल्यावर सगळ्या बायका मागून सारख्याच दिसतात.

मला स्वतःला पोहता येत नाही. हे मी पहिल्याच दिवशी गाडीत सांगून टाकते, म्हणजे माझ्या भरवशावर कुणी बुडायला जाऊ नये. माझ्याकडं एक शिट्टी आहे, ती गळ्यात असते. आमच्या गाडीचे ड्रायव्हर रफिकभाई पांढरकवड्याचे, हैदराबाद रोडवर ट्रक चालवून आयुष्य काढलेला माणूस. ते म्हणतात, "मंदाताई, तुमच्या शिट्टीवर माझा पाय आपोआप ब्रेकवर जाते." ती शिट्टी त्यांनी फक्त एकदाच ऐकली नव्हती, कारण गाणी लावली होती. तेव्हा आचारी मागच्या धाब्यावरच राहिला होता.

आमच्या माणसांच्या चुका मला आता पाठ झाल्या आहेत. त्यातली पहिली चपलांची. आमच्या भागात पाणी आपली जागा सोडत नाही. पूस नदीच्या काठावर चपला काढल्या तर तासाभरानं त्या तिथंच सापडतात, फार तर एखादी कुत्र्यानं पळवलेली असते. माझ्या अगदी सुरुवातीच्या ट्रिपेत बायकांनी पाण्यापासून दोन हात लांब चपलांची सरळ ओळ लावली आणि सगळ्या मिळून शहाळ्याचं पाणी प्यायला गेल्या. भरती चालू होती. परत येऊन पाहतात तर वाळू कोरी. मग जवळच्या भेळवाल्यावर मोर्चा गेला. "कोनं नेल्या आमच्या चपला? तू अठीच उभा होता ना?" तो बिचारा एकेकीला समुद्राकडं बोट करून दाखवत होता आणि एकीलाही पटत नव्हतं. शेवटी एका लाटेनं एक चप्पल आणून टाकली, ती पुरुषाची निघाली. बाकीचा दिवस सगळं मंडळ अनवाणी फिरलं. तेव्हापासून मी गाडीतच समजावते की समुद्र दिवसातून दोनदा पुढं येतो आणि दोनदा मागं जातो, आणि पुढं येताना कुणाला विचारत नाही.

दुसरी चूक झेंड्यांची. समुद्रावर लाल झेंडा लावला असेल तर त्याचा अर्थ, पाण्यात उतरू नका. अर्धा लाल अर्धा पिवळा असे दोन झेंडे थोड्या अंतरावर लावलेले असतील, तर त्या दोघांच्या मधलं पाणी त्यातल्या त्यात भरवशाचं, कारण तिथं लाईफगार्डची नजर असते. हे इतकं सोपं आहे. पण आमच्याकडं लाल झेंडा जिथं असतो तिथं देव असतो. एकदा मी गाडीतून सामान उतरवून घेतेय तोवर एका काकूंनी लाल झेंड्याच्या बांबूला हळदकुंकू लावून दोन उदबत्त्या वाळूत खोचल्या होत्या. मागं नमस्काराची रांग लागली होती. आणि नमस्कार झाला की देवाची परवानगी मिळाली असं धरून एकेक जण तिथूनच पाण्यात निघाली होती. लाईफगार्ड धावत आला, उदबत्त्या पाहून त्यानं आधी पायातले बूट काढले आणि मग सगळ्यांना बाहेर काढलं.

या सगळ्यात हसण्यासारखंच जास्त आहे. पण गुलाबराव वस्तादांची गोष्ट सांगताना मला आधी हसू येतं आणि मग हात गळ्यातल्या शिट्टीवर जातो.

गुलाबराव पुसदजवळच्याच एका गावचे. सत्तरी ओलांडलेली, पण दंड अजून कडक. गावातल्या आजोबापासून नातवापर्यंत सगळ्यांना विहिरीत पोहायला त्यांनीच शिकवलेलं, म्हणून सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. पद्धत साधी. पोराच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा, काठावर उभं करायचं आणि त्यानं देवाचं नाव घ्यायच्या आत मागून ढकलायचं. वस्ताद बोलायचे कमी. बायकोशी तर त्याहून कमी. त्यांच्या घरी पाणी हवं असेल तर ते तांब्याकडं बघायचे आणि शेवंताबाईंनी समजून घ्यायचं.

शेवंताबाई मात्र भिशीच्या मंडळात सगळ्यांत बोलक्या. त्यांना समुद्र पाहायचा होता. "मेल्यावर राख पान्यात जातेच व ताई, त्याआधी एक डाव जित्तेपनी पाहून घेऊ दे," असं म्हणून त्यांनी नाव दिलं. मंडळातल्या दोघीतिघींचे नवरे येणार होते, म्हणून वस्तादही आले. दोन दिवसांच्या प्रवासात ते खिडकीशी बसले आणि बायकोला एक शब्द बोलले नाहीत. चहा आला की घ्यायचे, कप रिकामा झाला की तिच्याकडं न बघता पुढं करायचे.

समुद्र जवळ आला तसं मी नेहमीचं भाषण सुरू केलं. लाटेकडं पाठ करून उभं राहू नका. कमरेच्या वर पाण्यात जाऊ नका. पोटभर जेवून जाऊ नका आणि घोटभर घेऊन तर मुळीच जाऊ नका. झेंड्यांच्या बाहेर पाय टाकू नका. अडचणीत आलात तर एक हात सरळ वर करा. सगळ्या बायका माना डोलवत होत्या. मागून वस्तादांचा आवाज आला, "ताई, तुम्हाले पोहता येते का?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग," वस्ताद म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. गाडीभर हसू फुटलं आणि माझं भाषण तिथंच संपलं.

किनाऱ्यावर पोचल्यावर प्रत्येक मंडळाची पहिली इच्छा असते समुद्राला नारळ वाहायची. शेवंताबाईंनी तो पुसदहून पदराखाली जपून आणला होता. पण समुद्राची एक खोड आहे, लाटा येत असतात तिथं वाहिलेला नारळ तो परत आणून पायाशी टाकतो. शेवंताबाईंनी वाहिला, समुद्रानं परत दिला. पुन्हा वाहिला, पुन्हा परत. "काहून घेत नाही बाप्पा? माह्या नारळात का किडे हायेत?" त्या पाण्याला विचारू लागल्या. हे सगळं झेंड्यांच्या मध्ये, लाईफगार्डच्या समोर चाललं होतं, म्हणून मी निर्धास्त झाले आणि रफिकभाईंबरोबर स्टोव्ह पेटवायला गाडीकडं गेले.

पुढचं मला नंतर कळलं. कुणीतरी सल्ला दिला की जागा बदलून पाहा. मग सगळं मंडळ नारळ घेऊन झेंड्यांच्या बाहेर, किनाऱ्यानं पुढं पुढं चालत गेलं. एक जागा अशी सापडली की दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत होत्या आणि मधे रस्त्याएवढ्या रुंदीचा पट्टा अगदी शांत होता, जरा गडद रंगाचा. शेवंताबाईंनी तिथं नारळ सोडला. तो परत आला नाही. सरळ आत निघाला, बघता बघता लहान झाला आणि दिसेनासा झाला. बायकांनी हात जोडले. "पावला व माय," शेवंताबाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

वस्तादांनी पाणी पाहिलं, सदरा काढला आणि म्हणाले, "पानी तं अठी शांत हाये. तिकडं कायले लाटा खात बसता?" आणि उतरले.

पोहता न येणाऱ्या बाईनं सांगितलेलं असलं तरी हे जरा ध्यान देऊन वाचा. लाटा सारखं पाणी काठाकडं ढकलत असतात. एवढं आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. ती वाट जिथं सापडते तिथं लाट नीट फुटत नाही, म्हणून वरून ते पाणी शांत दिसतं, आणि तेच माणसाला घेऊन आत चाललेलं असतं. समुद्रानं नारळ घेतला तो याच वाटेनं घेतला. आमच्या लोकांनी नेमकी त्या किनाऱ्यावरची सगळ्यांत वाईट जागा हुडकून काढली होती, आणि देव पावल्याची खूण म्हणून हुडकली होती.

मी किटली घेऊन आले तेव्हा सगळं मंडळ काठावर उभं राहून पाण्याकडं हात हलवत होतं. कुणी टाटा करत होतं, कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतं. सगळ्यांत पुढं शेवंताबाई, गुडघाभर पाण्यात, दोन्ही हात हलवत होत्या आणि नव्या नवरीसारख्या लाजल्या होत्या. "पाहा व ताई, मले हात करून राह्यले. आमचे थे. लग्नापासून पहिल्या डाव."

मी पाहिलं. बऱ्याच आत वस्तादांचं डोकं दिसत होतं आणि त्याच्या शेजारी एक हात सरळ वर होता. हात खाली जायचा आणि पुन्हा वर यायचा. माझ्या मनात आलं ते एवढंच, की ज्या माणसानं दोन दिवसांत बायकोकडं वळून पाहिलं नाही, तो माणूस एवढ्या लांबून तिला टाटा कशाला करील?

किटली कुठं टाकली मला आठवत नाही. मी शिट्टी वाजवत झेंड्यांकडं पळाले. माझं पळणं म्हणजे लोकांचं भरभर चालणं, पण त्या दिवशी पळाले. लाईफगार्ड चाळिशीचा, तिथल्याच कोळ्यांच्या घरातला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी दाखवलं तिकडं पाहिलं आणि लाल रंगाचा, दोरी बांधलेला तरंगता ठोकळा उचलून धावत सुटला. जाता जाता शेवंताबाईंना ओरडून म्हणाला, "आजी, हात हलवू नका. ते बोलावतायत."

हे कळल्यावर काठावर जो कल्लोळ झाला तो सांगवत नाही. मंडळातला एक नवरा पँट दुमडून निघाला, त्याच्या मागं दुसरा. रफिकभाई तेलाचा रिकामा डबा घेऊन धावत आले होते, त्यांनी दोघांना आडवं येऊन थांबवलं. "एकाले काढाले दोघं जाता, मंग दोघाले काढाले कोन जाईल?" शेवंताबाई तर आतच निघाल्या होत्या. मी त्यांचा पदर दोन्ही हातांनी धरला. त्यांना थांबवायला काहीतरी काम देणं भाग होतं, आणि काम खरोखरच होतं, कारण लाटांमध्ये डोकं एकदा नजरेतून सुटलं की पुन्हा सापडत नाही. मी म्हटलं, "काकू, बोट त्यांच्यावर धरा. काही झालं तरी नजर काढू नका. लाईफगार्डला तुमच्या बोटावरून कळेल."

शेवंताबाई बोट धरून उभ्या राहिल्या. पाणी त्यांच्या मांड्यांवर आपटत होतं, पण बोट हललं नाही. आयुष्यभर गप्प न बसलेली बाई त्या वेळात एक अक्षर बोलली नाही. मला भीती वाटत होती की हिला एकटीला घेऊन मला पुसदला परत जावं लागतं की काय, आणि ती भीती आजही जात नाही.

मग हात वर येईनासा झाला. शेवंताबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही, फक्त म्हणाल्या, "मुर्दा पडले."

मी हादरले. पण त्या दुसरंच सांगत होत्या. आमच्याकडं विहिरीत पाठीवर निपचित तरंगायचा खेळ असतो, त्याला पोरं मुर्दा म्हणतात. दम लागला की मुर्दा पडायचं, हे वस्ताद प्रत्येक पोराला शिकवायचे. दम लागेतो ते सरळ काठाकडं झुंजत होते, कारण विहिरीत काठ कुठं जात नसतो. इथं ते जेवढं पुढं येत तेवढं पाणी त्यांना मागं नेत होतं. दम संपला तेव्हा त्यांना स्वतःचाच धडा आठवला असावा. ते पाठीवर पडले आणि पाणी नेईल तिकडं गेले.

लाईफगार्ड त्याच शांत पट्ट्यातून आत गेला, त्यामुळं लवकर पोचला. परत मात्र त्या वाटेनं आला नाही. वस्तादांच्या हातात ठोकळा देऊन तो आधी किनाऱ्याला समांतर, आडवा पोहत गेला, लाटा फुटत होत्या तिथपर्यंत, आणि मग लाटांनीच दोघांना काठावर आणलं. अशा पाण्यात सापडलात तर हेच करायचं. झुंजायचं नाही, आडवं जायचं, तेही जमत नसेल तर पाठीवर पडायचं आणि हात वर करायचा.

वस्तादांना वाळूवर बसवून गाडीतली चादर गुंडाळली. लाईफगार्डनं त्यांची छाती, श्वास नीट पाहिला, खबरदारी म्हणून दवाखान्यातही नेऊन आणलं. तो म्हणाला, "आजोबा, पाठीवर पडलात म्हणून भेटलात." गाडीत बसल्यावर शेवंताबाईंनी मौन सोडलं.

"मले वाटलं, तुम्ही मले हात करून राह्यले."

"इतक्या वर्सांत कधी केला का?" वस्ताद म्हणाले.

"म्हनूनच तं हरखली मी."

वस्तादांनी तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिच्या हातातला रिकामा कप स्वतः घेऊन पुढं माझ्याकडं दिला आणि म्हणाले, "हिले अजून चहा द्या, ताई." रफिकभाईंनी आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि गाणं बंद केलं.

त्या दिवसापासून माझ्या धंद्याचा एक नियम झाला. नारळ मी वाहू देते, श्रद्धेच्या आड मी येत नाही. पण तो कुठं जातो ते सगळ्यांनी उभं राहून पाहायचं. जिथं समुद्र नारळ नेतो तिथं कुणी पायसुद्धा घालायचा नाही, कारण तो घ्यायच्या तयारीत आहे. परत दिला तरी पाण्यात कमरेइतकंच जायचं, आणि तेही झेंड्यांच्या मध्ये, लाईफगार्ड हो म्हणाला तर. नारळ परत आला म्हणून आता कुणी रुसत नाही. बायका तो फोडतात आणि प्रसाद वाटतात.

गावात परतल्यावर वस्तादांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, समुद्राचं नाव आपल्यासमोर काढायचं नाही असं घरात सांगितलं. दुसरं, विहिरीवरची शिकवणी बदलली. आता पोराला पाठीला डबा बांधल्यावर आधी मुर्दा पडायला शिकवतात आणि मग एक हात वर करायला. हात वर झाला की वस्ताद धोतरासकट उडी टाकतात. एका पोट्ट्यानं गंमत म्हणून हात केला होता, त्याला अशी चापट बसली की बाकीच्यांनी ध्यानात ठेवलं. पाण्यात खोटा हात करायचा नाही. मलाही कधी कधी वाटतं की जावं त्या विहिरीवर आणि शिकून घ्यावं. एवढी वर्षं समुद्रावर जाऊन मी गुडघ्याच्या वर भिजले नाही, याची खंत वाटते. पण मागून ढकलणारा माणूस माहीत असल्यामुळं धीर होत नाही.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा समुद्राची ट्रिप निघाली आणि शेवंताबाईंनी सगळ्यांत आधी नाव दिलं. एकटीचं. वस्ताद म्हणाले होते, "तू जाय. मी विहीर पाह्यतो." निघायच्या सकाळी ते तिची पिशवी घेऊन पुसदच्या स्टँडजवळ आले. पिशवी वर दिली, खिडकीचं तावदान सरकवून पाहिलं, नीट बसतं का, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. मी माणसं मोजली आणि रफिकभाईंनी गाडी काढली.

गाडी वळणाला लागली तेव्हा बायकांनी खिडक्यांतून बाहेर पाहिलं. वस्ताद तिथंच होते, कडेच्या रसवंतीपाशी, ताठ उभे. त्यांचा एक हात सरळ वर होता. हलत नव्हता. दोघीतिघी हसून टाटा करायला लागल्या.

शेवंताबाईंनी हात हलवला नाही. त्या जागेवरून उठल्या, माझ्या खांद्याला धरलं आणि म्हणाल्या, "मंदाताई, गाडी थांबवा. मानूस बुडून राह्यला."

मी शिट्टी वाजवली.